दारू सोडवायला तीन महिने आत, की घरी राहून गोळ्या? तासगावकडच्या एका ताईंना उत्तर

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. मालकांचं वय ४१, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. दहा-बारा वर्षांची दारू, आता रोज दोन क्वार्टर. पहिली चपटी सकाळी उठल्याउठल्या, कारण त्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, दोन्ही वेळा तीन-तीन महिने. बाहेर आल्यावर एकदा पंधरा दिवस टिकले, एकदा दीड महिना. गेल्या गणपतीत स्वतःच्या मनानं एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी फिट आली. आता एका डॉक्टरांनी सांगितलंय की घरी राहून गोळ्यांवर उपचार होतात. दीर म्हणतात, एक व्यसन सोडवायला दुसरं लावणार. सासूबाईंनी कुठूनशी पूड आणलीय, आमटीत गुपचूप कालवायला. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलीय. करायचं काय?

ताई, मी सांगलीत मनोविकारतज्ज्ञ आहे आणि व्यसनाची ओपीडी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमच्या लांबलचक हकिगतीत माझी नजर सगळ्यात आधी त्या फिटवर थांबली, म्हणून आधी तिच्याविषयी. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे: मालकांचा खरा उपचार घरी राहून, गोळ्यांवर आणि ओपीडीच्या फेऱ्यांवरच होणार आहे. पण त्याचे पहिले सहा-सात दिवस घरी काढायचे नाहीत. ते रुग्णालयात काढायचे. आणि तोवर दारू एकदम बंद करायची नाही. तुम्ही म्हणाल, डॉक्टर असून दारू चालू ठेवा म्हणतोय. हो, दाखल होईपर्यंत तसंच म्हणतोय.

दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू या मंदपणाशी झगडून काम चालवायला शिकलेला असतो, म्हणजे तो कायम जरा जास्तच पेटलेला राहतो. दारू अचानक काढली की मंद करणारं काही उरत नाही आणि पेटलेपण तेवढंच राहतं. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उमासे, धडधड सुरू होते, झोप उडते. फिट यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते. काही जणांची पुढची पायरी याहून वाईट असते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जातो, घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर किडे दिसतात, अंगावर काही चालतंय म्हणून कपडे झटकत बसतो, रात्रभर बडबडतो. अंगात ताप असतो, नाडी धावत असते. आपल्याकडे याला ‘बाहेरचं’ समजून देवऋष्याकडे नेतात आणि त्यात एक-दोन मोलाचे दिवस जातात. ही अवस्था उपचाराविना जीव घेऊ शकते. ज्याला एकदा फिट आलीय त्याला पुढच्या वेळी ती येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि तुमच्या मालकांना ती येऊन गेलेली आहे.

रुग्णालयात या दिवसांत क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामच्या गोळ्या देतात. यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम. पहिल्या दिवशी डोस मोठा, मग रोज थोडा कमी, आणि पाच ते दहा दिवसांत पूर्ण बंद. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, सुरुवातीला इंजेक्शनमधून. हे इंजेक्शन लोकांना किरकोळ वाटतं, पण खूप पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जवळपास संपलेलं असतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं बी-१ही खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे फिरतात, तोल जातो, मग स्मरणशक्ती जाते. गावात ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ ही मागणी रोजची असते. पिणारा माणूस असेल तर लावणाऱ्याला आधी सांगा: हे रोज पितात, थायमिन दिलंय का?

हा आठवडा घरी काढता येणारेही पुष्कळ असतात. ज्यांना कधी फिट आली नाही, कधी भ्रम झाला नाही, हृदयाचा किंवा यकृताचा मोठा आजार नाही, घरात पूर्णवेळ एक जबाबदार माणूस आहे आणि रुग्णालय अर्ध्या-पाऊण तासावर आहे, अशांना आम्ही रोज किंवा एक दिवसाआड बोलावून घरीच हा टप्पा पार पाडतो. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात, दोन-तीन दिवसांच्याच. तुमचे मालक या यादीत बसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हा वेगळा सल्ला.

आता केंद्रातले ते दोनदाचे तीन महिने. तुम्ही लिहिलंय, ‘सगळे पैसे पाण्यात गेले’. केंद्र वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. तिथं त्यांची प्रकृती सुधारली असेल, समुपदेशनही झालं असेल. पण तिथं बाटली नव्हती. बाजार समितीतून परतताना लागणारं दुकान नव्हतं, बेदाणा शेडवरची संध्याकाळ नव्हती, उधारीचा फोन नव्हता. घरी आल्याबरोबर हे सगळं एकदम समोर उभं राहिलं आणि हातात काय होतं? तुमच्या पत्रात बाहेर पडताना दिलेल्या एकाही गोळीचा उल्लेख नाही, पुढच्या तारखेचाही नाही. बरे झाले म्हणून घरी सोडलं आणि प्रकरण संपलं. व्यसनाचा आजार दीर्घकाळ चालणारा आहे, त्यात दारू थांबल्यानंतरचं पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक, आणि त्या वर्षात तुमच्याकडे उपचार शून्य होता. मला जे मनापासून सांगायचंय ते एवढंच आहे. रुग्णालयातला आठवडा धोका टाळण्यासाठी असतो. आजारावरचा उपचार त्यानंतर सुरू होतो आणि तो वर्षभर चालतो, तुमच्याच घरात, तुमच्याच बागेत काम करत.

देशाचं चित्रही याच बाजूला बोट दाखवतं. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच कुठली तरी मदत मिळते, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० जणांमागे एकाला. सगळ्यांना दाखल करायचं ठरवलं तर तेवढ्या खाटा कुठल्याच जिल्ह्यात नाहीत. ओपीडीतला उपचार हा कमी दर्जाचा पर्याय आहे ही समजूत आधी काढून टाकायला हवी.

गोळ्यांकडे येतो. दारूसाठी प्रामुख्यानं तीन वापरतात आणि तिघींचं काम वेगवेगळं.

नाल्ट्रेक्सोन. दारू प्यायल्यावर मेंदूत स्वतःचीच अफूसारखी रसायनं सुटतात, त्यातून ती ‘वा’ची भावना येते आणि एकावर दुसरा ग्लास भरला जातो. ही गोळी त्या रसायनांची जागा अडवून बसते. पिऊनही पूर्वीसारखी मजा येत नाही आणि तलफ हळूहळू बोथट होते. नेहमीचा डोस दिवसाला ५० मिलिग्रॅमची एक गोळी, पहिले काही दिवस बहुधा अर्धी. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, पेंगुळणं होऊ शकतं, ते बहुतेकांचं ओसरतं. या गोळीची एक सोय म्हणजे माणूस अजून पीत असला तरी ती सुरू करता येते. एक अट मात्र कडक: शरीरात अफूवर्गातलं काही नको. आपल्याकडे कंबरदुखीला ट्रामाडॉल सर्रास लिहिलं जातं, खोकल्याला कोडीनचं औषध दिलं जातं. ते चालू असताना नाल्ट्रेक्सोन दिलं तर भयंकर त्रास होतो. म्हणून मालक फवारणीच्या पंपानं कंबर धरली म्हणून कुठली गोळी घेतात का, ती पट्टी डॉक्टरांना दाखवा. आणि नाल्ट्रेक्सोन चालू असताना अपघात झाला, ऑपरेशनची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना कळलं पाहिजे. पाकिटात चिठ्ठी ठेवा.

अकॅम्प्रोसेट दारू थांबल्यावर सुरू करतात. मघाशी सांगितलेलं मेंदूचं पेटलेपण आठवड्यात पूर्ण निवत नाही. झोप नीट नाही, चिडचिड, उगाच बेचैनी, हे काही महिने रेंगाळतं आणि बरेच जण त्याच बेचैनीला कंटाळून पुन्हा पितात. ही गोळी ते निववायला मदत करते. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, वजन ६० किलोपेक्षा कमी असेल तर बहुधा चार. तिचा भार यकृतावर पडत नाही, ती मूत्रपिंडावाटे जाते. म्हणून यकृत खराब असलेल्यांना सोयीची आणि मूत्रपिंड खराब असलेल्यांना नाही. अडचण म्हणजे सहा गोळ्या लक्षात ठेवणं. बागेत दुपारची गोळी हमखास राहते. मी ती भाकरीच्या डब्यातच ठेवायला सांगतो.

या दोन्ही औषधांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत केला. त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही सांगतो, कारण खोटी आशा दिली की महिन्याभरात लोक उपचार सोडतात. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तर अकॅम्प्रोसेट घेणाऱ्या दर ११-१२ जणांमागे एक जण असा निघतो, जो निव्वळ गोळीमुळे पुन्हा पिण्यापासून वाचला. नाल्ट्रेक्सोनचं गणित पुन्हा बेसुमार पिण्याच्या बाबतीत तेवढंच आहे. बाकीच्यांना उपयोग नाही असा याचा अर्थ नाही. त्यातले काही समुपदेशनानं, घरच्यांच्या साथीनं, स्वतःच्या जिद्दीनं टिकतात. वैद्यकशास्त्रात रोज लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांचं गणित याहून बरं नसतं. जादू नाही, पण सोडून द्यावं एवढं थोडंही नाही.

तिसरी डायसल्फिराम, जिला लोक ‘उलटीची गोळी’ म्हणतात. इथं सासूबाईंच्या पुडीचा विषय येतो, म्हणून जरा थांबतो.

शरीर दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीनं त्याचा निचरा करतं. डायसल्फिराम तो विकर बंद पाडतं. वर दारू गेली की विष साठतं: चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या, रक्तदाब कोसळतो. तुम्ही द्राक्षवाल्या आहात, तुम्हाला हे मी सांगण्याआधीच माहीत असेल. छाटणीनंतर डोळे फुटायला जे डॉरमेक्स, म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, काडीला लावतात, ते लावणाऱ्या मजुरानं संध्याकाळी दारू घेतली की काय होतं ते तुमच्या भागात अनेकांनी पाहिलंय. तोच विकर बंद पडतो. जपानमध्ये सायनामाइड हे दारू सोडवण्याचं औषध म्हणूनच वापरलं गेलंय. म्हणून एक सूचना आताच: यंदाच्या छाटणीत, काहीही ठरलं तरी, मालक पीत असतील तोवर डॉरमेक्सला त्यांना हात लावू देऊ नका.

ज्याला ठाऊक आहे की आपण ही गोळी घेतलीय, तो त्या भीतीनं बाटलीपासून लांब राहतो. औषधाचं काम या जाणिवेतच आहे. घरच्या माणसासमोर रोज घेतली तर काही जणांना तिचा खूप उपयोग होतो. गुपचूप दिली तर जाणीव नाही, म्हणजे उपयोग नाही, नुसता धोका उरतो. मालक नेहमीसारखे पितील आणि कोसळतील. सासूबाईंच्या पुडीत काय आहे हे पाकिटावर लिहिलेलं नाही असं तुम्हीच कळवलंय. त्यात हेच औषध कुटून घातलेलं असेल किंवा आणखी काही. ज्याला फिट येऊन गेलीय आणि ज्याचं हृदय, यकृत अजून कुणी तपासलेलं नाही, अशा माणसाच्या आमटीत ते जाता कामा नये. तुमच्या मालकांना तर डायसल्फिराम उघडपणे द्यायलाही मी लगेच तयार होणार नाही. सासूबाईंना रागावू नका. आई आहेत, पोटच्या पोरासाठी हाताला लागेल ते करून बघतायत. त्यांना ओपीडीला सोबत आणा, मी हे त्यांना स्वतः समजावून सांगेन.

इतर वाचकांपैकी ज्यांच्या घरी ही गोळी डॉक्टरांनी रीतसर दिलीय त्यांच्यासाठी: शेवटच्या पेगनंतर किमान बारा तास गेल्याशिवाय सुरू करायची नाही. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी तिची प्रतिक्रिया होऊ शकते. द्राक्षासव, अशोकारिष्ट अशा आसव-अरिष्टांमध्ये आणि खोकल्याच्या काही औषधांमध्ये अल्कोहोल असतं, ती टाळायची. जुलाबावर मेट्रोनिडाझोल लिहून देणाऱ्याला या गोळीबद्दल आधी सांगायचं.

दीर म्हणतात, दुसरं व्यसन लागेल. त्यांची शंका सरसकट खोटी नाही, म्हणून नीट उत्तर देतो. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम, तिन्हींनी नशा येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही आणि थांबवल्यावर थरथर सुटत नाही. यांचं व्यसन लागत नाही. पहिल्या आठवड्यातल्या क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपामची गोष्ट वेगळी. त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर त्यांची सवय लागते, दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. म्हणून त्या मोजून दहा दिवसांच्या आत संपल्या पाहिजेत आणि तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये पुन्हा-पुन्हा दाखवून आणायची नाही. झोप येत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात कुणी झोपेची गोळी मागितली तर मी देत नाही. झोप परत यायला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. दिरांना एवढं सांगा की त्यांची भीती ज्या गोळीबद्दल खरी आहे ती आम्ही आठवड्यात काढून घेतो.

आता वर्षभराचं सांगतो.

गोळीची वेळ एकच ठरवा, सकाळचा चहा. तुमच्यासमोर घ्यायची, पण तुम्ही पोलीस व्हायचं नाही. रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, मोटारसायकलची डिकी उघडणं, यातून तुमची झोप जाते आणि त्यांचं लपवणं वाढतं. त्याऐवजी दोघांनी मिळून ठरवायचं: गोळी समोर घेतली की दिवसभर दारूचा विषय तुम्ही काढणार नाही. हे साधं वाटतं, पण ज्या घरांत हा करार टिकतो त्या घरांत गोळीही टिकते असं मी वर्षानुवर्षं पाहतोय. ओपीडीला पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरवड्यानं, मग महिन्यानं. यायचंच. बरं वाटतंय म्हणून आलो नाही, असं सांगणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते. गोळ्या किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर.

धोक्याचे दिवस आधी ओळखून ठेवा. बेंदूर, गावची जत्रा, गटारी, लग्नसराई हे सगळ्यांना ठाऊक असतात. पण आपल्या भागात मी सगळ्यात जास्त घसरण पाहिलीय ती पैसे हातात येतात त्या दिवशी. उसाचं बिल जमा झालं, बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, मिळाली, व्यापाऱ्यानं द्राक्षांचे पैसे चुकते केले. त्या दिवशी दोस्त आपणहून गोळा होतात. पट्टी आणायला त्यांच्यासोबत दीर जाऊ देत, रक्कम थेट बँकेत जाऊ दे, आणि त्या आठवड्यात ओपीडीची तारीख मुद्दाम मागून घ्या. माळ घातलेले कितीतरी वारकरी मी पाहिलेत जे वर्षानुवर्षं कोरडे आहेत. मालकांचं मन तिकडे असेल तर जरूर घालू दे, फक्त माळ घातली म्हणून गोळी बंद नको. दोन्ही एकत्र चालतात.

आणि घसरले तर? घसरतील असं धरूनच चाला. एका रात्री पिऊन आले म्हणजे सगळं संपलं असं मानून गोळ्या फेकून देऊ नका. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट पिऊन आल्यावरही बंद करायची नसतात. डायसल्फिराम मात्र थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. त्या रात्री भांडण नको. सकाळी शांतपणे एवढंच विचारा की काल काय झालं होतं, आणि त्याच आठवड्यात ओपीडीला घेऊन या. एक रात्र घसरली तर ती एक रात्रच राहू शकते. ‘आता गेलंच सगळं’ म्हणून पुढचा महिना पिण्यात जातो, तो आपल्याला टाळायचा आहे. मात्र पुन्हा बरेच दिवस रोज प्यायले असतील तर घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, फिटचा धोका तोच.

एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. तुमच्या घरात कीटकनाशकं आहेत. दारू थांबल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत मन खूप खचतं. कर्ज, वाया गेलेली वर्षं, मुलांच्या नजरा, सगळं शुद्धीत दिसायला लागतं. पिऊन घसरलेल्या रात्रीही तीच खंत असते आणि तारतम्य सुटलेलं असतं. औषधांची खोली कुलूपबंद ठेवा, किल्ली तुमच्याकडे किंवा दिरांकडे. ‘माझ्यामुळं तुमचं वाटोळं झालं, मी नसतो तर बरं’ अशी भाषा आली तर धमकी समजून उडवून लावू नका. त्याच दिवशी घेऊन या. दारू थांबून तीन-चार आठवडे झाल्यावरही उदासी तशीच असेल तर नैराश्याचा वेगळा उपचार लागतो, आणि तो होतो.

दारू सोडून इतर नशांबद्दलही इथं पुष्कळ जण विचारतात, त्यांच्यासाठी थोडं. कोडीनचं सिरप, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा हेरॉइन अशा अफूवर्गातल्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि नालोक्सोन एकत्र असलेली, जिभेखाली विरघळणारी गोळी ओपीडीत देतात. ती स्वतः अफूवर्गातली आहे आणि शरीराला तिची सवय राहते, हे लपवण्यासारखं नाही. पण ठरल्या डोसवर माणूस झिंगत नाही, कामाला जातो, चोरीमारी थांबते आणि अतिडोसानं मरण्याचा धोका मोठ्या प्रमाणात घटतो. नशा उतरून त्रास सुरू झाल्यानंतरच पहिली गोळी द्यायची असते. नशा अंगात असताना घेतली तर तीच गोळी त्रास ओढवून आणते, म्हणून मित्राच्या पट्टीतली घेऊन सुरुवात करू नका. आणि काही महिने बंद ठेवून पुन्हा जुन्याच डोसनं नशा केली तर शरीराची सहनशक्ती उरलेली नसते. मृत्यू अशा वेळी होतात.

एमडीसाठी म्हणजे मेफेड्रोनसाठी अशी कुठलीही खास गोळी नाही. २०२४ मध्ये कुपवाड आणि इरळी, २०२५ च्या सुरुवातीला विटा, या जिल्ह्यातल्या कारवायांच्या बातम्यांनंतर पालक घाबरून येतात आणि ‘उतारा’ मागतात. इथं समुपदेशन, झोप, सोबत असलेल्या उदासीवर किंवा संशयावर औषध आणि नियमित येणं यावरच भर असतो. काही जिममध्ये ‘ताकदीचं’ म्हणून टोचलं जाणारं मेफेंटरमाइन हे ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब पडला तर भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध आहे. त्यानं हृदय बंद पडू शकतं. मावा आणि तंबाखूसाठी निकोटिनचं च्युइंगम आणि गोळ्या आहेत, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

तुमच्या दिरांनी आणखी एक सुचवलंय, रात्री गाडी बोलावून उचलून नेणं. असं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. माणसाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, ठरावीक अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, मुदत ३० दिवसांपर्यंत असते. साखळीनं बांधणं या कायद्यानं पूर्ण मना आहे. आणि वर्षभर रोज सकाळी ज्याच्या विश्वासावर गोळी घ्यायची, त्याच माणसानं रात्री हातपाय धरून गाडीत कोंबलं तर तो विश्वास कुठून आणणार?

पहिल्या भेटीला काय आणायचं: दोन्ही केंद्रांची कागदपत्रं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, फिटच्या वेळचे काही कागद असतील तर ते. रक्त तिथंच तपासतील: यकृत, मूत्रपिंड, साखर, रक्तपेशी. एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे मालकांच्या यकृतावर रोज १२० ग्रॅमचा मारा होतोय, तेव्हा अहवाल थोडाफार वाईट येणारच. त्यानं हबकू नका, दारू थांबली की बऱ्याच जणांचे आकडे काही आठवड्यांत खाली येतात. आणि त्या दिवशी ‘कोरडे या’ असा हट्ट धरू नका. त्यांची सकाळची चपटी चुकवून तासगावहून एसटीत बसवलंत तर फिट वाटेतच येऊ शकेल. नेहमीइतकी घेऊन आले तरी चालतं, ओपीडीत कुणी त्यावरून बोलणार नाही.

सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. तिथल्या मानसोपचार विभागात केस पेपर काढून दाखवता येतं. साताऱ्याकडच्या वाचकांसाठी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, शिवाय डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात उभं केलेलं परिवर्तनचं व्यसनमुक्तीचं काम आहे. प्रवासाआधी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या आपसातल्या बैठकांना, मालक जातील तर चांगलंच, आणि घरच्यांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट असतात, तिथं तुम्ही जा.

छाटणीचं म्हणाल, तर सहा-सात दिवसांचा प्रश्न आहे. दिरांना सांगा, एवढे दिवस बाग त्यांनी सांभाळावी. मालक यायलाच तयार नसतील तर त्यांच्याशी दारूवरून बोलू नका. सकाळच्या पहिल्या घोटानंतर थरथर थांबलेली असते आणि झिंग चढलेली नसते, त्या तासाभरात बोला. झोप, हातांची थरथर, गेल्या गणपतीतली ती फिट, ज्याची त्यांना स्वतःलाच भीती वाटते, त्यासाठी दाखवून येऊ म्हणा. तरीही नाही म्हणाले तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या या. रुग्णाशिवाय आलेल्या घरच्यांनाही आम्ही तपासणीइतकाच वेळ देतो.